एक प्लॅन अडला तर सगळं थांबवायचं की तेवढाच बाजूला काढायचा?

फ्लाइट प्लॅन (विमानाने आधी कळवलेला मार्ग) हाताळणाऱ्या सिस्टिममध्ये यातली कुठली पद्धत बरी असं विचारलंयस, तर २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणात काय झालं ते बघ. ब्रिटनवरून जाणाऱ्या लॉस एंजेलिस-पॅरिस विमानाच्या रूटमध्ये डीव्हीएल हा ठिकाणाचा कोड दोनदा, एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, दुसरं फ्रान्सचं डोव्हिल, सॉफ्टवेअर गोंधळलं आणि चुकीचा डेटा विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरपुढे जाऊ नये म्हणून बंदच पडलं, बॅकअपनेही तोच प्लॅन उचलून तेच केलं.

सुरक्षेला हे पक्कं, बनवायलाही सोपं. पण भुर्दंड केवढा! हातात ४ तासांचेच प्लॅन, पुढचे हाताने टाकायचे, ७ लाखांवर प्रवाशांना फटका.

तेवढाच बाजूला काढायचा तर टेस्टिंग जास्त, बघायला माणूस कायम हवा, पण बाकीची विमानं उडत राहतात.

सगळाच डेटा खराब असल्याची शंका असेल तर थांबवच. एकाच विमानाचा घोळ असेल तर मात्र बाजूला काढणंच बरोबर.