अंगोरा सशांच्या नावाखाली माझे ६१,५५० रुपये गेले

दहा सशांचे ४२,०००. पिंजऱ्यांचे ९,५००. करारनाम्याचे १,५००. ससे विकणाऱ्याच्याच दुकानातल्या खाद्याचे ६,२००. जनावरांच्या डॉक्टरांचे २,३५०. वहीत सगळं लिहिलेलं आहे.

योजना नेहमीचीच. लांब लोकरीचे अंगोरा ससे आमच्याकडून घ्या, लोकर आम्हीच विकत घेऊ, किलोला २,००० रुपये. मला हाव सुटली नव्हती. मिस्टरांची नोकरी गेलेली, आरडी मोडलेली आणि भांडुपला घराच्या माळ्यावर पत्र्याची खोली रिकामी. घरबसल्या काहीतरी करावं म्हटलं, यात माझं काय चुकलं?

झोप उडवते ती एकच गोष्ट. घाटकोपरला त्या विकणाऱ्याच्या 'सेंटर'वर गेले तेव्हा एप्रिल होता. सशांच्या खोलीत एसी इतका गार की मी पदर अंगावर ओढून घेतला. विचारलंसुद्धा, "सशांना एसी कशाला?" म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकांसाठी." आणि मी मान डोलावली! अहो, अंगोरा थंड हवेचा ससा. आपल्या देशात तो पाळतात हिमाचलात कुलूकडे आणि उत्तराखंडच्या डोंगरात. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, बाकी अंगावर लोकरीचं पांघरूण. असा प्राणी मुंबईत पत्र्याखाली कसा जगेल? प्रश्न माझ्याच तोंडून निघाला होता, तरी मी पैसे मोजले.

मे महिन्यात दोन ससे धापा टाकत मेले. जूनमध्ये तिसऱ्याने खाणं सोडलं, लेंड्या बंद झाल्या. विकणाऱ्याने बजावलं होतं की गवत द्यायचं नाही, लोकर खराब होते, फक्त आमचं खाद्य. डॉक्टर ऐकून संतापले. ससा दिवसभर स्वतःला चाटून साफ करतो, गळलेले केस पोटात जातात आणि त्याला उलटी करता येत नाही. सुक्या गवताच्या तंतूंनी आतडी चालू राहतात, तेच आम्ही बंद केलेलं. ससा जेवेनासा झाला तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी न्या. आमचा वाचला नाही.

डॉक्टरांनीच दुसऱ्या सशाचे केस फुंकून दाखवले. मानेभोवती लांब, पाठीवर आखूड. हे अंगोरा नव्हतेच! मी गोळा केलेले २८० ग्रॅम केस म्हणजे नुसती गळती. विकणाऱ्याने 'लांबी कमी' म्हणून पिशवी परत पाठवली, मग फोन बंद.

चौकीवर म्हणाले, करार आहे ना, मग दिवाणी मामला, कोर्टात जा. घाटकोपरच्या हद्दीत जा. तिथे म्हणाले, तुम्ही राहता तिथे जा. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मला वकिलांनी सांगितलं. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जुन्या दंड संहितेचं ४२० नाही. ग्राहक मंचातला कारकून कागद न बघताच म्हणाला, धंद्यासाठी घेतलेत, तुम्ही ग्राहक नाही. चूक! स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला उद्योग २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकातच धरतात. चार खेपा, प्रत्येक वेळी दोन-दोन तास बाकावर, आणि एक हवालदार तोंडावर म्हणाला, "सशाची कसली तक्रार, बाई?" तीन जिवंत प्राणी मेले, माझी बचत गेली, ती तक्रार!

मी २०,००० यूपीआयने दिले होते, तेव्हाच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, महिन्याने नाही. उरलेले रोख, पावतीवर शिक्का नाही. रोख देऊच नका.

सात ससे आता खाली घरात आहेत, पंख्याखाली, गवतासकट. जाहिरात अजून चालू आहे, नंबर नवा, फोटो त्याच एसीच्या खोलीतला. तुम्हीही पैसे भरले असतील तर पावत्या आणि चॅट जपून ठेवा. सोमवारी मी पुन्हा चौकीवर जाणार आहे, सोबत या.