१४४१६ की सिव्हिल?

पदवी घेऊन सहा महिने झाले. भाची ताटातली भाकरी-शेंगाचटणी तशीच ठेवून उठते, पहाटे तीनला जागी होते. "मामा, १४४१६ ला फोन करू की सिव्हिलला जाऊ?" तिनं विचारलं, यानंच मला धीर आला. १४४१६ म्हणजे टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन.

खर्च दोन्हीकडे नगण्य. टेलिमानसचा फोन २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. सिव्हिलला केस पेपर काढायचा, पण सकाळ रांगेत जाते. आणि सोलापुरात रांगेत ओळखीचं कुणीतरी भेटतंच. गच्चीवरून केलेल्या फोनला ती धास्ती नाही.

खरा फरक तपासणीत आहे. मानसोपचार डॉक्टर समोर बसवून झोप, भूक, वजन विचारतात. गरज वाटली तर थायरॉईडसाठी रक्तही तपासायला सांगतात, कारण त्यानंही माणूस असाच गळून जातो. गोळी सुरू झाली तर गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून पुन्हा पुन्हा भेट हवी. फोनवर अशी समोरासमोर तपासणी होत नाही.

नोकरीच्या काळजीनं मन जड आहे पण दिवस रेटता येतोय, तर आधी फोन. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर सिव्हिल. म्हणून भाचीला सोमवारी मीच घेऊन जातोय. जीव नकोसा वाटला तर मात्र त्याच क्षणी १४४१६ ला फोन लाव आणि मला उठव, असं तिला बजावलंय, रात्रीचे कितीही वाजोत.