'रिव्हर्ट' लिहू की 'रिप्लाय'?

हिंजवडीतल्या ऑफिसातली कुठलीही मेल उघडा, शेवटी 'प्लीज रिव्हर्ट' असतंच. म्हणजे उत्तर पाठवा. पुण्यात हे कुणालाच खटकत नाही, सिंगापुरातही चालतं. लंडनचा माणूस मात्र अडखळतो.

'रिव्हर्ट'चं मूळ लॅटिन, अर्थ मागे वळणं. तिकडे ते पूर्वपदावर येण्यासाठी वापरतात. डाएट मोडून पुन्हा मिसळीवर आलेला माणूस 'रिव्हर्ट' झाला. भाडेपट्टा संपून जमीन मूळ मालकाकडे गेली, तीही 'रिव्हर्ट' झाली. कोडवाल्यांचा 'गिट रिव्हर्ट' (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तर आधीचा बदल उलटवणारा नवा कमिट, म्हणजे नवी नोंद, तयार करतो. इथेच घोळ होतो. आमच्या टीममधल्या एकाने इंग्लंडच्या क्लायंटला लिहिलं, 'आय विल रिव्हर्ट ऑन द लॉगिन चेंज.' त्याला नुसतं कळवायचं होतं. समोरच्याला वाटलं, केलेला बदल काढून टाकतायत. निस्तरायला अर्ध्या तासाचा कॉल!

तरी याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'उलट टपाली कळवावे' लिहिणाऱ्या आपल्या लोकांना वळून येणारं उत्तर परकं कसं वाटेल? भारतीय इंग्रजीतला अर्थ म्हणून काही शब्दकोशही त्याची नोंद करतात. 'रिव्हर्ट बॅक' मात्र नको, मागे वळणं शब्दातच आहे.

'रिप्लाय' कुठेही चालतो, फक्त कुणाला ते सांगताना 'टू' हवा: 'रिप्लाय टू मी'. 'मला रिप्लाय कर'ची सवय असल्याने तो आपल्याकडून हमखास गळतो. (आणि 'आन्सर माय मेल'मध्ये तो नको असतो. इंग्रजीला कोण विचारणार!)

पण आपलं 'आय विल रिव्हर्ट' बहुतेकदा 'बघून सांगतो' या अर्थाचं असतं. उत्तर अजून हातात नसतं. तिथे 'रिप्लाय' कोरडा पडतो, 'आय विल गेट बॅक टू यू' नेमकं बसतं.

तेव्हा मेल बाणेरहून बंगळूरला जाणार असेल तर 'रिव्हर्ट' खुशाल ठेवा. परदेशी जाणार असेल किंवा विषय कोडचा, कराराचा असेल, तर तो उत्तराच्या अर्थाने अजिबात नको. आणि मेल मराठीत असेल तर 'कळवतो' पुरे, त्यात 'रिप्लाय'ही आला आणि 'बघून सांगतो'ही.