199 रुपयांचे लाइफ पॉइंट आणि गेलेले 38,700 रुपये

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका लहान कारखान्यात हिशेब लिहितो. रोज दुसऱ्यांच्या पैशांची पै-पै जुळवणारा माणूस असा फसला, हे सांगताना संकोच वाटतो. परंतु फसवणुकीची रीत इतकी साधी आहे की ती लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

‘द सिम्स फ्रीप्ले’ हा 2011 साली आलेला खेळ पुतणीने माझ्या फोनमध्ये घालून दिला. त्यातील माणसे नोकरीला जातात, शेती करतात, घरे बांधतात आणि हे सारे खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते. माणूस झोपवला की तो खरोखरच काही तास उठत नाही. सुरुवातीला मला याचीच मौज वाटे. बी पेरून मी रंकाळ्यावर फेरी मारून येई, तोवर पीक तयार असे. पुढे मात्र बांधकामांना दिवस लागू लागले. ही वाट टाळायची असेल तर लाइफ पॉइंट खर्चावे लागतात, आणि ते खेळून मिळतात तसेच पैसे देऊन विकतही मिळतात. यात लबाडी नाही, कारण दर उघड लिहिलेले असतात. लबाडी त्या दुकानाबाहेर उभी होती.

ऑगस्ट 2024 मध्ये टेलिग्रामवरील एका गटात 199 रुपयांत अमर्याद लाइफ पॉइंट देणारी फाइल मिळेल, अशी जाहिरात दिसली. विचारणा करताच स्वच्छ मराठीत उत्तर आले, “काका, आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा, नाहीतर फाइल चालणार नाही.” प्ले प्रोटेक्ट हा अँड्रॉइड फोनचा राखणदार आहे, हे मला ठाऊक होते, तरीही तो मी स्वतःच्या हाताने बाजूला केला. फाइलने उघडताच एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. खेळाला माझे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न त्या क्षणी मनात आला होता. पण खेळातल्या घराची एक भिंत चढायची राहिली होती, म्हणून मी परवानगी देऊन टाकली. नंतर उघडलेल्या पानावर डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. पान बराच वेळ फिरत राहिले, तेव्हा कंटाळून झोपलो.

पहाटे पाणी भरायला उठलो, तेव्हा फोनवर तीन ओटीपी आणि त्यांच्या पाठोपाठ खात्यातून 15,000, 14,500 व 9,200 रुपये गेल्याचे संदेश होते. मी एकही ओटीपी कोणाला सांगितला नव्हता. ते वाचून पुढे पाठवण्याचे काम त्या फाइलने केले होते.

मी लगेच बँकेला सांगून कार्ड बंद केले, सायबर फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि फोन पूर्ण पुसून घेतला. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले. त्यानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, त्यानेच सोसायचे होते. कळवल्यानंतरचे बँकेने सोसायचे होते. माझ्या बाबतीत कळवण्यापूर्वीच सारे उरकले होते. 1930 वरील तक्रारीमुळे तिसरी रक्कम एका खात्यात गोठवली गेली, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर ते 9,200 रुपये काही महिन्यांनी परत मिळाले.

मधल्या काळात एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. उरलेले पैसे सोडवून देतो, त्यासाठी 2,000 रुपये शुल्क भरावे लागेल, असे पलीकडचा माणूस अदबीने सांगत होता. माझी नेमकी किती रक्कम गेली, हे मी न सांगताच त्याला माहीत होते, आणि तोही मला काकाच म्हणत होता. मी फोन ठेवला आणि तो क्रमांक तक्रारीत जोडायला दिला.