अँकरिंगचा वीकेंड कोर्स केला, कसा वाटला ते सांगते

दादरला दोन शनिवार-रविवारचा अँकरिंग वर्कशॉप केला, फी ९ हजार. मला यूट्यूबवर मुलाखती घ्यायच्यात आणि पुढे चॅनेलला ऑडिशन द्यायचीय म्हणून गेले.

सगळ्यात भारी भाग टेलिप्रॉम्प्टरचा, म्हणजे लेन्ससमोर वाचायचा मजकूर सरकत दाखवणाऱ्या स्क्रीनचा. मी वाचताना डोळे डावीउजवीकडे पळत होते, फुटेजमध्ये स्पष्ट दिसलं. मॅडमनी मला चार पावलं मागे उभं केलं, ओळी अरुंद केल्या, अक्षर मोठं केलं आणि खरंच नजर थेट लेन्समध्ये बसली! मग उच्चार. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणं, प्रॉम्प्टरवर दोन्ही सारखेच दिसतात, अर्थ आधी कळला तरच ज बरोबर येतो. प्रदीप भिडेंच्या दूरदर्शनच्या जुन्या बातम्या ऐकवल्या, काय स्वच्छ उच्चार हो, अंगावर काटा आला.

पण शोरील (आपल्या कामाची नमुना व्हिडिओ क्लिप) देणार म्हणाले होते, ती दीड महिना झाला तरी मिळाली नाही, फोन केला की 'एडिटिंग चालू आहे'. ऑडिशनला आधी तीच मागतात, त्यामुळे खूप त्रास झाला. शिकवणं पाच पैकी साडेचार, बाकी कारभार दोन. जाणार असाल तर कच्चं फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या.