पॉलिशर एकच घ्या, पॅड मात्र भरपूर घ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-पांढरकवडा पट्ट्यात गाडीचा रंग फार काळ ताजा राहत नाही. कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ, पांदण रस्त्यांची माती आणि बोअरच्या पाण्यातले क्षार हे सगळे रंगावर येऊन बसते. पण प्रत्यक्ष ओरखडे उमटतात ते बहुतेक वेळा मालकाच्याच हातून, कोरड्या फडक्याने धूळ पुसताना. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसू लागल्या की गाडी रबिंगसाठी, म्हणजे रंग वरवर घासून रेषा काढण्यासाठी, पेंटरकडे जाते. अशा गाड्यांवर मी रोटरी आणि ड्युअल अ‍ॅक्शन अशी दोन्ही प्रकारची पॉलिशर, म्हणजे रंग घासून चकाकवणारी यंत्रे, वापरली आहेत, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की यंत्र मध्यम असले तरी चालते, त्यावर बसवायच्या फोमच्या किंवा लोकरीच्या पॅडच्या बाबतीत मात्र काटकसर करून अजिबात चालत नाही.

डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात सहसा रोटरी पॉलिशरच असते. त्याचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते, म्हणून ते झपाट्याने कापते, म्हणजे रंगाचा वरचा भाग घासून काढते, आणि तितक्याच झपाट्याने रंग तापवते. नव्याने मारलेल्या रंगावरच्या पॉलिश पेपरच्या खुणा काढायला त्याला तोड नाही आणि मुरलेल्या पेंटरच्या हातात ते सुरक्षितही असते. परंतु कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरते आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दाराच्या कडेवर किंवा बोनेटच्या घडीवर रोटरी क्षणभर जास्त रेंगाळणे किती महाग पडू शकते ते कळते. लोकरीच्या पॅडने घाईत केलेले रबिंग दुकानाच्या सावलीत चकचकीत दिसते, पण गाडी उन्हात उभी राहिली की त्यावर होलोग्रामचे, म्हणजे यंत्राच्या बारीक खुणांचे, चमकते पट्टे उठून दिसतात.

ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका लहान वर्तुळातही हलत असते. या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात आणि बाजारात 8, 15 व 21 मिलिमीटर थ्रोची यंत्रे प्रामुख्याने मिळतात. इटलीच्या रुपेस कंपनीच्या बिगफूट मालिकेतले एलएचआर 15 हे 15 मिलिमीटर थ्रो आणि 5 इंची बॅकिंग प्लेटचे (पॅड चिकटवायच्या चकतीचे) यंत्र आहे, आणि आपल्याकडच्या मिश्र कामाला हेच माप मला सर्वांत योग्य वाटते. 21 मिलिमीटरचे यंत्र बोलेरोच्या टपावर आणि रुंद बोनेटवर सुरेख चालते. बंपरच्या वळणावर किंवा दारांमधल्या अरुंद पट्टीवर मात्र त्याचे पॅड फिरायचे थांबते आणि नुसते थरथरत राहते. हा दोष एखाद्या कंपनीचा नसून मोकळ्या फिरणाऱ्या पॅडच्या रचनेचाच आहे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक उभी रेघ मारून ठेवावी. रेघ फिरताना दिसली तर काम होत आहे आणि ती जागीच थरथरू लागली तर दाब कमी करावा किंवा पॅड पृष्ठभागावर सपाट धरावे. फ्लेक्स कंपनीच्या एक्ससी 3401 सारख्या यंत्रात पॅड गिअरने फिरवले जात असल्यामुळे ते दाबाखाली थांबत नाही, पण ते हाताला अधिक हादरे देते आणि रंगही जास्त तापवते, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात त्यापासून करू नये.

पॅड घेताना सर्वांत मोठी फसगत रंगामुळे होते. रुपेसचे पिवळे फोम पॅड शेवटच्या बारीक कामासाठी असते, तर लेक कंट्री कंपनीचे पिवळे फोम पॅड कापण्यासाठी असते. म्हणून दुकानदाराकडे नुसते पिवळे पॅड मागू नये. कंपनी आणि काम दोन्ही सांगून घ्यावे. जाडीकडेही पाहावे. जाड फोम यंत्राची हालचाल स्वतःतच जिरवतो आणि उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे लांब थ्रोच्या यंत्राला पातळ आणि मधोमध भोक असलेले पॅड अधिक मानवते. 5 इंची प्लेटला साडेपाच ते 6 इंची पॅड घ्यावे, म्हणजे प्लेटची कडक कड रंगाला लागत नाही.

एका गाडीला कापण्याचे किमान चार-पाच पॅड हवेत, असे मी म्हणतो ते आपल्या हवेमुळे. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, पत्रा तापलेला असतो, कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) लावता लावता सुकते आणि पॅडच्या मध्यभागी इतकी उष्णता साठते की वेल्क्रोचा गोंद सुटून पॅड प्लेटवरून निखळते. पॅड हाताला गरम लागले की बाजूला ठेवून दुसरे लावावे. साधारण दीड-दोन फुटांचा चौकोन झाला की पॅडच्या छिद्रांत कंपाउंड आणि निघालेला रंग यांचा पांढुरका लगदा भरलेला दिसतो; तो ब्रशने काढला नाही तर पुढच्या चौकोनावर तोच नवे ओरखडे पाडतो. वॉशिंग सेंटरवर हवेचा कॉम्प्रेसर असतोच, तेव्हा मायक्रोफायबरची पॅड हवा मारून साफ करावीत, मात्र डोळ्यांना चष्मा लावून. धुतलेली पॅड वेल्क्रोची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत.

यंत्र लावण्यापूर्वी बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने विरघळवून पाहावेत, कारण जे पुसून निघते त्यासाठी क्लिअर कोट झिजवण्यात अर्थ नाही. त्यानंतर क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवावा, कडांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावावी आणि बोनेटच्या एका कोपऱ्यात सर्वांत मऊ पॅडने चाचणी घ्यावी. तेवढ्याने भागले नाही तरच कडक पॅडकडे वळावे. चाचणीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून मगच तपासावी, कारण काही कंपाउंडमधले तेल ओरखडे तात्पुरते झाकते आणि गाडी दोन-चारदा धुतली की ते पुन्हा वर येतात.

गावात संध्याकाळी विजेचा दाब पडतो, म्हणून भार पडला तरी वेग कायम ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेलेच यंत्र घ्यावे आणि त्याला लांब, बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड लावू नये. काम शक्यतो सकाळी, पत्रा थंड असताना करावे.

ज्यांच्याकडे चारचाकीपेक्षा मोटारसायकलीच जास्त येतात, त्यांनी पहिल्या खरेदीतच 3 इंची प्लेटचे लहान यंत्र घेण्याचा विचार करावा. पेट्रोलच्या टाकीच्या गोलाईवर 5 इंची पॅड कधीच पूर्ण टेकत नाही, आणि चारचाकीचे बंपर व आरसेही त्याच लहान यंत्राने नीट होतात.