फ्रीझ स्प्रे: थंडीत अडणारा ऑप-अँप शोधायला कितपत कामाचा?

फ्रीझ स्प्रे म्हणजे सर्किटचा एकेक भाग पटकन गार करणारा फवारा. कोल्ड स्टोरेजसारख्या थंड जागी बिघडणारा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी किंवा पुढे पोचवणारी आयसी, म्हणजे चिप) शोधायला तो वापरतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत जिथे सोल्डरिंगचं सामान मिळतं, तिथे तो विचारून बघा. घेताना डब्यावर ज्वलनशीलतेची खूण आहे का ते आधी पाहा. ब्यूटेन-प्रोपेन भरलेला असेल तर चालू सर्किटवर मारायचा नाही, आणि बंद सर्किटवर मारून ऑप-अँपबद्दल काहीच कळत नाही. आर१३४ए (एक शीतक वायू) भरलेला डबा पेटत नाही. त्याचा उत्कलनबिंदू उणे २६ अंशांच्या आसपास, त्यामुळे कोल्ड स्टोरेजच्या बोर्डाला हवी तेवढी थंडी तो देतो. सोबत बारीक नळी आहे ना, तेही बघा. नळी नसेल तर अख्खा बोर्ड पांढरा होतो.

वापरायची रीत अशी: जाड पुठ्ठ्याला आयसीच्या मापाचं भोक पाडा (थर्मोकोल नको, त्यावर स्टॅटिक साठतं), ते बोर्डावर धरा, मीटर आउटपुटवर लावा आणि दोन-तीन सेंटिमीटरवरून दोन सेकंद फवारा. मग थांबा. बिघाड दिसला तर त्याच जागी हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. बिघाड गेला, पुन्हा फवारल्यावर पुन्हा आला, तरच तो पार्ट दोषी. पेन्सिलीने हलकं टोकल्यावरही रीडिंग उडत असेल तर आयसी बहुधा निर्दोष, सोल्डरचा जोड तडकलाय.

या कामात स्प्रेची खरी किंमत वसूल होते ती एलएम३५८ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑप-अँपवर. पाच व्होल्टवर चालणारा बफर (आलेला सिग्नल तसाच पुढे देणारं सर्किट) घ्या, सिग्नल ३.४ व्होल्ट. डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे) २५ अंशांना इनपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालपर्यंत चालतं, म्हणजे ३.५. टेबलावर सगळं उत्तम. पण तापमान दर अंशाने उतरलं की आयसीतल्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने वाढतं. उणे ३० पर्यंत ५५ अंशांची घसरण, म्हणजे प्रत्येक जंक्शनला (बेस-एमिटर जोडाला) ११० मिलिव्होल्ट, आणि वाटेत अशी दोन जंक्शनं. मर्यादा ३.२८ वर आली. स्प्रे मारताच आउटपुट ३.३ च्या आगेमागे अडकतं, गरम हवा दिली की सुटतं. आयसी बदलून तोच नंबर लावला तर तेच पुन्हा होणार. शिवाय साधा एलएम३५८ मुळात ० ते ७० अंशांसाठीचा, हे दुकानात कोणी सांगत नाही. एमसीपी६००२ हा दुसरा ऑप-अँप त्याच पिनांवर बसतो, इनपुट-आउटपुट दोन्ही सप्लायच्या टोकांपर्यंत जातात आणि उणे ४० ला चालतो. फक्त त्याला सहा व्होल्टच्या वर देऊ नका. १२ व्होल्टच्या बोर्डावर तो लगेच जळेल.

आता जिथे हा डबा फसवतो ते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर फवारलं की वरचं टोपण पांढरं पडतं, पण आतलं इलेक्ट्रोलाइट अजून कोमटच असतं. त्यामुळे कपॅसिटर बरा आहे असं वाटतं, आणि प्रत्यक्ष थंडीत मात्र त्याचा अंतर्गत रोध वाढून सप्लाय डुलायला लागतो, ऑप-अँप ऑसिलेट होतो (आउटपुट आपोआप वरखाली होत राहतं). असा संशय असेल तर बोर्ड सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा. उणे १८ ही फार थंडी नाही, पण ती आतपर्यंत मुरते. ऑप-अँपच्या सप्लाय पिनेलगत ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स७आर जातीचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. वाय५व्ही जातीचा नको, उणे ३० ला त्याची क्षमता ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते.

दुसरी फसवणूक पाण्याची. बोर्डावर बर्फाचा पांढरा थर धरतो तेव्हा रीडिंग ठीक असतं, तो वितळला की दहा मेगओहमच्या रेझिस्टरशेजारून करंट गळायला लागतो. बिघाड पांढरा थर गेल्यावर दिसला तर आयसीला दोष देऊ नका. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा त्रास कमी. ऑगस्टमध्ये तोच बोर्ड, तोच स्प्रे, निकाल वेगळा. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, वाळवून मग पुन्हा तपासा, आणि कायमचं काम असेल तर कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप) द्या.

हजारपट गेन असलेल्या (सिग्नल हजारपट वाढवणाऱ्या) सर्किटवर तर स्प्रेच्या आकड्यांवर विश्वासच नको. आयसीचा एकच पाय गार झाला तरी धातूंच्या जोडावर काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. पाच मायक्रोव्होल्टचे आउटपुटला पाच मिलिव्होल्ट.

दोषी पार्ट शोधायला पाचपैकी चार तारे. 'बोर्ड थंडीत चालतो' असं लिहून द्यायचं असेल तर एकच, त्यासाठी टेस्ट चेंबरच (तापमान ठरवून ठेवता येणारी बंद पेटी) लागतो. एका जागी पाच सेकंदांहून जास्त फवारू नका, सिरॅमिक कपॅसिटरला तडा जाऊ शकतो आणि तो तडा डोळ्याला दिसत नाही.